लक्षणं सुरू झाल्याची तारीख

माझ्या तक्त्यातला सातवा रकाना नेहमी रिकामा येतो.
नाव असतं, वय असतं, वॉर्ड असतो,
रक्ताची नळी तर नेमाने पोचते,
बर्फात, पोटावर आकडा चिकटवून.
पण डोळे पिवळे कधी दिसले
हे कुणी लिहीत नाही.
मग मी फोन करते.
दांडिया बाजारातल्या मावशीला वाटतं, मी कॉल सेंटरमध्ये आहे.
फारसं खोटं नाही ते.

नमुना चारशे सतरा. मुलगा, वय नऊ, फतेपुरा.
कपिलाबेननी तिसऱ्यांदा फोन उचलला.
"तारीख तो याद नथी, बेन."
मागे कुकरची शिट्टी. कुणीतरी दार लोटलं.
मी थांबले.
थांबायला पागेबाईंनी शिकवलं, ते पुस्तकात नाही.
"वासी उत्तरायण," त्या म्हणाल्या.
बापामागे फिरकी धरून उभा होता अगासीवर,
फिरकी ठेवली आणि तिथेच आडवा झाला.
उंधियूलाही नको म्हणाला.
उन्हात बघितलं तर डोळे हळदीचे.

पंधरा जानेवारी.
लिहिलं, आणि बोटांवर मागे मोजू लागले.
कावीळ त्याच दिवशी येत नाही,
महिनाभर आत राहून घेते, भाडं न देता.
म्हणजे डिसेंबर.
कुठला रस्ता खणला होता तेव्हा?
कुणाच्या गटारात कुणाचा नळ बुडत होता?

दुपारी ध्वनित आणि मी विश्वामित्रीच्या पुलाखाली
दोरीला बादली बांधून नाल्याचं पाणी काढतो.
समोरच्या काठावर मगर, तोंड उघडं टाकून.
"हिला बघ," ध्वनित म्हणतो,
"कोट्यवधी वर्षांत दात इकडचा तिकडे नाही.
आणि आपल्या बादलीतले साहेब
गुरुवारपर्यंत ओळख देणार नाहीत."
चार अक्षरांची त्याची बाराखडी,
तीही उतरवताना चुकतो.
चुकतो म्हणून तर माग लागतो:
दोन वह्यांत एकच चूक निघाली
की कुणी कुणाचं बघून लिहिलं ते कळतं.

रात्री पडद्यावर झाड येतं,
आडवं, बिनपानांचं.
चारशे सतरा एका काटकीच्या टोकाला,
लागून नाल्याची बादली,
लागून दोन मुली, ज्यांच्या आयांना तारीख आठवली नाही.
फाटा कधी फुटला?
मशीन म्हणतं, नोव्हेंबर ते जानेवारी, बहुधा.
"बहुधा" मी कधी खोडत नाही.
पण कपिलाबेनच्या फिरकीने
ते तीन महिने चिमटीत आणले.
पाइप सापडला. बुजवला.
त्याची बातमी होत नाही.

करार अकरा महिन्यांचा असतो,
बारावा महिना आपापला काढायचा.
ऑगस्टमध्ये ध्वनित लाइपझिगला गेला.
रोझलिन औषध कंपनीची माहितीपत्रकं लिहिते, दुप्पट पगारावर,
आणि अजून मला विचारते, झाड वाढलं का?
बाबा विचारतात, पण शेवटी तू होणार काय?
डॉक्टर म्हणावं तर पेशंट नाही,
शिक्षिका म्हणावं तर वर्ग नाही.
मी म्हणते, बघू.
ते पुन्हा पेपर उघडतात.

एकतीस डिसेंबरला लॅपटॉप परत केला, सही केली.
ओळखपत्राची दोरी तेवढी राहिली माझ्याकडे,
तिला आता घराची किल्ली आहे.

पंधरा जानेवारी, अगासी, भावाचा मांजा गुंडाळत होते.
नंबर ओळखीचा नव्हता.
"बेन, एणे आजे त्रण पतंग काप्या. लखी लो."
तक्ता माझ्याकडे नव्हता.
असता तरी त्यात या गोष्टीला रकाना नाही.
मी म्हणाले, वा.
मग विचारलं, साधारण किती वाजता?
पलीकडे त्या कुणाला तरी विचारायला गेल्या.
आल्या.
सव्वातीन, म्हणाल्या, वारा पडायच्या जरा आधी.